मुंबई–लंडन विमानमार्ग

मुंबई–लंडन विमानमार्ग : भारतातील मुंबई व ग्रेट ब्रिटनमधील लंडन या शहरांना जोडणारा दीर्घ पल्ल्याचा प्रवासी हवाई मार्ग. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ (१९° ५′ उ. व ७२° ५२′ पू.) आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ (५१° २८′ उ. व ०° २८′ प.) यांमधील भूपृष्ठावरील किमान अंतर सु. ७,२०० किमी. (सु. ३,८९० सागरी मैल) आहे. विनाथांबा प्रवासास मुंबईहून लंडनला सामान्यतः साडेनऊ ते दहा तास, तर लंडनहून मुंबईला साडेआठ ते नऊ तास लागतात. अंतर एकच असता जाण्यायेण्याचा काल भिन्न का, आणि किमान अंतराच्या रेषेवरून विमाने सहसा का जात नाहीत, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत दीर्घ पल्ल्याच्या हवाई वाहतुकीची बहुतेक तत्त्वे सामावलेली आहेत. भूमितीने ठरणारे अंतर अचल असते. वाऱ्याने ठरणारा काल ऋतूप्रमाणे बदलतो. आणि प्रत्यक्ष आक्रमिलेला मार्ग हा खालील राष्ट्रांची संमती व तेथील शांतता यांवर अवलंबून असतो.

किमान अंतर : गोलाच्या पृष्ठावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग हा त्या बिंदूंमधून जाणाऱ्या व गोलाच्या मध्याशी केंद्र असलेल्या वर्तुळाचा लहान कंस असतो. अशा वर्तुळास बृहद्‌वृत्त म्हणतात. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांना टेकवून ताणलेला दोरा याच कंसावर स्थिर होतो. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असल्यास गोलीय त्रिकोणमितीने हा कंस पृथ्वीच्या केंद्राशी किती अंशांचा कोन करतो ते काढता येते. मुंबई व लंडन यांच्या बाबतीत हा कोन सु. ६४·९° येतो. बृहद्‌वृत्ताच्या एका अंशाची लांबी सु. १११·२ किमी. असल्यामुळे अंतर सु. ७,२०० किमी. ठरते. सागरी मैल हे एकक याच कल्पनेवर आधारलेले असून बृहद्‌वृत्ताच्या एका कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) लांबी म्हणजे स्थूलमानाने एक सागरी मैल (१·८५२ किमी.) होय. म्हणूनच वैमानिक आजही अंतर सागरी मैलांत मोजतात. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांशी किंचित चपटी आहे. परंतु त्यामुळे या अंतरात पडणारा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो.

नकाशावरील भास : भिंतीवरील नेहमीच्या नकाशात मुंबई व लंडन पट्टीने जोडल्यास ती रेषा अरबस्तान, भूमध्य समुद्राचा पूर्व भाग व आल्प्स यांच्या दिशेने जाते आणि तीच जवळची वाट असावी, असे वाटते. मर्केटर प्रक्षेपाच्या नकाशात अशी सरळ रेषा होकायंत्राची एकच दिशा कायम ठेवणारा मार्ग दर्शविते. परंतु तिची लांबी सु. ७,४०० किमी., म्हणजे बृहद्‌वृत्ताहून सु. २०० किमी. अधिक भरते. बृहद्‌वृत्त नकाशावर उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखे दिसते व त्यावरून जाताना दिशा सतत बदलावी लागते. मुंबईहून निघताना ही दिशा जवळजवळ वायव्येस असते, तर लंडनजवळ पोहोचेपर्यंत ती थेट पश्चिमेस वळलेली असते. उलट बाजूने पाहता लंडन सोडताना मुंबईची सर्वांत जवळची वाट जवळजवळ नेमकी पूर्वेस निघते. मुंबई लंडनच्या ३२ अक्षांशांनी दक्षिणेस असूनही आरंभी दक्षिणेकडे मुळीच वळावे लागत नाही, ही गोष्ट नकाशाच्या सवयीमुळे चमत्कारिक वाटते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास ती तत्काळ पटते.

हे बृहद्‌वृत्त मुंबईहून सौराष्ट्रावरून जाऊन कराचीच्या अगदी जवळून पाकिस्तानात शिरते. पुढे बलुचिस्तान, पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, कॉकेशस, काळ्या समुद्राचा ईशान्य किनारा, क्रिमिया, दक्षिण युक्रेन, पोलंड व स्लोव्हाकिया यांच्या सीमेवरील डोंगराळ प्रदेश, मध्य जर्मनी व बेल्जियम यांवरून ते लंडनला पोहोचते. ही यादी वाचताच, केवळ भूमितीने आखलेला हा मार्ग प्रत्यक्षात का वापरता येत नाही, याची कल्पना येते.

वेग व काल : लांब पल्ल्याची आजची जेट विमाने १० ते १२ किमी. उंचीवरून ताशी सु. ९०० किमी. वेगाने उडतात. हा वेग सभोवारच्या हवेच्या सापेक्ष असतो. त्याने ७,२०० किमी. अंतर कापण्यास आठ तास पुरावेत. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढण, उतरण आणि उतरल्यावर आपल्या जागेपर्यंत जाणे यांसाठी अर्धा ते पाऊण तास अधिक लागतो. हीथ्रो येथे गर्दीच्या वेळी येणाऱ्या विमानांना शहराभोवतीच्या चार ठरावीक ठिकाणी घिरट्या घालत थांबविण्यात येते. वेळापत्रकात छापलेला काल हा विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. तो व प्रत्यक्ष हवेत असण्याचा काल यांत गल्लत करू नये.

हवेतील वेगात १९६० नंतर फारशी वाढ झालेली नाही. ध्वनीच्या वेगाच्या निकट जाताच हवेचा रोध झपाट्याने वाढतो व इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. ध्वनीहून वेगवान असे काँकॉर्ड विमान १९७६ पासून २००३ पर्यंत प्रवासी वाहतुकीत होते. परंतु त्याचा खर्च व जमिनीवर ऐकू येणारा गडगडाट यांमुळे ते मोजक्या मार्गांपुरतेच राहिले.

वाऱ्यांचा परिणाम : पश्चिमेस जाताना अधिक वेळ लागतो तो पृथ्वी फिरत असल्यामुळे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. खरे कारण म्हणजे मध्य व उपोष्ण कटिबंधांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे होत. त्यांतील अतिवेगवान अरुंद पट्ट्यांना झोतवारे म्हणतात. हिवाळ्यात असा एक झोत इराण व उत्तर भारत यांवरून वाहतो आणि त्याचा वेग कित्येकदा ताशी १५० किमी.हून अधिक असतो. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकतो.

मार्गभर सरासरीने ताशी ६० किमी. वेगाचा समोरचा वारा आहे, असे गृहीत धरल्यास विमानाचा जमिनीसापेक्ष वेग ताशी ८४० किमी. होतो व ७,२०० किमी. अंतरास सु. ८ तास ३४ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीमागून असल्यास वेग ९६० किमी. होऊन ७ तास ३० मिनिटे पुरतात. जाताना ३४ मिनिटांचा तोटा व येताना ३० मिनिटांचा लाभ, म्हणजे जाऊन-येऊन पाहता वाऱ्यामुळे वेळ वाढतोच. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी काळ, हे याचे कारण. म्हणून मार्गाची आखणी करणारे तज्ञ दररोज वाऱ्याचे अंदाज पाहून किमान अंतराची नव्हे, तर किमान कालाची वा किमान इंधनाची रेषा शोधतात. काही वेळा थोड्या लांबच्या वाटेने विमान आधी पोहोचते.

घड्याळातील काल : भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत घड्याळे एक तास पुढे केली जात असल्यामुळे त्या काळात हा फरक साडेचार तासांचा राहतो. हिवाळ्यात मुंबईहून पहाटे २ वाजता निघालेले व पावणेदहा तास प्रवास करणारे विमान लंडनला त्याच सकाळी ६·१५ वाजता पोहोचते. दोन्हीकडची घड्याळे पाहिल्यास प्रवास सव्वाचार तासांचा भासतो. लंडनहून सकाळी १० वाजता निघालेले विमान पावणेनऊ तासांनी मुंबईत उतरते, तेव्हा तेथे मध्यरात्र उलटून पाव तास झालेला असतो व प्रवास सव्वाचौदा तासांचा भासतो. या दोन भासमान कालांची सरासरी काढल्यास वेळेतील फरक आपोआप गळून जातो व दोन्ही प्रवासांचा खरा सरासरी काल, म्हणजे सव्वानऊ तास, हाती येतो. कोणत्याही दोन ठिकाणांच्या वेळापत्रकास हा पडताळा लावता येतो. मुंबईहून अनेक विमाने अपरात्री का सुटतात, याचाही उलगडा यात आहे. हीथ्रो येथे रात्री ११·३० ते सकाळी ६ या वेळेत उड्डाणांच्या संख्येवर निर्बंध असल्याने येणाऱ्या विमानांना सकाळची वेळ साधावी लागते.

इतिहास : भारत व लंडन यांमधील नियमित हवाई सेवा ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या कंपनीने लंडननजीकच्या क्रॉयडन येथून कराचीपर्यंत सुरू केली. या प्रवासास सात दिवस लागत. त्यात बाझेल ते जेनोआ हा टप्पा आगगाडीने व भूमध्य समुद्रावरील टप्पा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने पार करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर विमान उतरविले आणि मुंबई या मार्गाला जोडली गेली.

याच वर्षी या मार्गाने मोठा राजकीय वळसा घेतला. इराणच्या किनाऱ्यावरून जाण्याच्या परवानगीची मुदत संपल्यामुळे १९३२ मध्ये मार्ग इराणच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, बहरीन व शारजा यांकडे हलविण्यात आला. त्यासाठी शारजा येथे धावपट्टी व प्रवाशांच्या मुक्कामाचे गढीवजा विश्रामगृह बांधले गेले. एका देशाचा नकार दुसऱ्या ठिकाणाच्या उत्कर्षास कसा कारणीभूत होतो, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर काळात ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल या कंपनीचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ प्रवाशांसह मुंबईहून निघाले व कैरो आणि जिनीव्हा येथे थांबून १० जून रोजी लंडनला पोहोचले. भारतीय कंपनीची युरोपकडील ही पहिली नियमित सेवा होती. कैरो–जिनीव्हामार्गे बृहद्‌वृत्तीय टप्प्यांची बेरीज सु. ७,९०० किमी. होते. म्हणजे दोन थांबे घेऊनही किमान अंतराहून केवळ दहा टक्के वाट अधिक होती. पंख्याच्या विमानांचा कमी वेग आणि थांब्यांवर इंधन भरण्यात जाणारा वेळ यांमुळेच त्या काळी प्रवास लांबत असे. १९६० मध्ये याच कंपनीने बोइंग ७०७ ही जेट विमाने या मार्गावर आणली व प्रवासकालात मोठी घट झाली. पुढे अधिक पल्ल्याची विमाने आल्यावर मधले थांबेही गळाले. सात दिवसांचा प्रवास दहा तासांवर आला, त्यात वेगाचा वाटा जेवढा आहे, जवळजवळ तेवढाच न थांबण्याचाही आहे.

हवाई क्षेत्रावरील सत्ता : शिकागो येथे ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारानुसार प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील हवाई क्षेत्रात पूर्ण व अनन्य सत्ता असते. नियमित प्रवासी विमानास परक्या देशावरून जाण्यासाठी त्या देशाची परवानगी लागते आणि मार्गनियंत्रणाच्या सेवेबद्दल शुल्क द्यावे लागते. परवानगी नाकारली गेली वा खाली युद्ध पेटले, तर मार्ग बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

मुंबई–लंडन बृहद्‌वृत्तावर अलीकडच्या काळात अशा अडथळ्यांची मालिकाच निर्माण झाली. १७ जुलै २०१४ रोजी ॲम्स्टरडॅमहून क्वालालुंपूरला जाणारे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले व त्यातील सर्व २९८ जण मृत्युमुखी पडले. त्या भागातील ३२,००० फुटांखालील हवाई क्षेत्र आधीच बंद करण्यात आले होते. ते विमान ३३,००० फुटांवर, म्हणजे त्या वेळी खुल्या असलेल्या मार्गावर होते. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून निघालेले एक प्रवासी विमान असेच क्षेपणास्त्रांनी पडून १७६ जणांचा अंत झाला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू होताच युक्रेनचे संपूर्ण हवाई क्षेत्र नागरी विमानांना बंद झाले.

पूर्वेकडील टोकाशी पाकिस्तानचे हवाई क्षेत्र २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९ पर्यंत कमीअधिक प्रमाणात बंद होते. २४ एप्रिल २०२५ रोजी त्या देशाने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला व ३० एप्रिल रोजी भारतानेही पाकिस्तानी विमानांबाबत तसाच निर्णय घेतला. १३ जून २०२५ रोजी इराणवर इझ्राएलचे हल्ले होताच इराण व इराक यांवरील वाहतूक थांबली. त्या दिवशी मुंबईहून लंडनकडे निघालेले एक विमान वाटेतूनच मुंबईला परत आले.

वळशाची किंमत : मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे पाकिस्तानचे क्षेत्र टाळणे तिला तुलनेने सोपे जाते. मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून मस्कतवर यावे व तेथून आखात, नैर्ऋत्य इराण, उत्तर इराक, तुर्कस्तान, काळा समुद्र व रूमानिया यांवरून लंडन गाठावे, तर अंतर सु. ७,४२० किमी. होते. वाढ केवळ २२० किमी.ची, म्हणजे सु. १५ मिनिटांची आहे. लांब कमान थोडी वाकविल्याने एकूण लांबी फारशी वाढत नाही, हा भूमितीचा गुण येथे उपयोगी पडतो. दिल्लीहून निघणाऱ्या विमानास मात्र आधी दक्षिणेस समुद्राकडे उतरावे लागते. त्यामुळे तेथील वळसा पुष्कळच मोठा ठरतो. इराण व इराकही वर्ज्य झाल्यास मुंबईच्या विमानांना सौदी अरेबिया व ईजिप्त यांचा आश्रय घ्यावा लागतो. ही वाट जवळजवळ १९४८ सालच्या कैरोमार्गे वाटेइतकीच लांब, म्हणजे किमान अंतराहून सु. ७०० किमी. अधिक भरते व तीस पाऊण तास जास्त लागतो.

दोन इंजिनांचे मोठे प्रवासी विमान दर तासाला ५ ते ८ टन इंधन जाळते. त्यामुळे पाऊण तासाचा वळसा म्हणजे सु. ४ ते ६ टन इंधन होय. शिवाय वाढीव इंधनाचे वजन वाहून नेण्यासाठीही इंधन लागते. प्रवासाच्या इंधनाखेरीज अनपेक्षित विलंबासाठी राखीव साठा, पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढे इंधन व त्यानंतरही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकी शिल्लक ठेवणे बंधनकारक असते. परिणामी वळसा वाढला की माल अथवा प्रवासी कमी घ्यावे लागतात, वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा जवळ येते आणि भाड्यात वाढ होते.

यास्तव दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर म्हणून जो एक आकडा दिला जातो, तो प्रवासाची खालची मर्यादा समजावी. मुंबई–लंडन मार्गावर तो आकडा ७,२०० किमी. आहे. त्यावरील प्रत्येक वाढीव किलोमीटरामागे वारा, गर्दी वा वर्ज्य केलेला प्रदेश यांपैकी काही कारण असते. त्यातील शेवटचे कारण प्रवाशांच्या जीविताशी निगडित असल्याने तेथे अंतर व काल यांचा विचार नेहमीच दुय्यम ठरतो.